अमेरिकेतल्या समर कॅम्पमध्ये वेस्टर्न रायडिंग शिकवायला जायचंय – अनुभवी लोकांचा सल्ला हवा

दुडकी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय २२, पुणे. शाळेत असल्यापासून घोड्यावर बसतेय. कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी स्क्वाड्रनमध्ये होते, आणि गेली दोन वर्षं शनिवार-रविवार एका रायडिंग स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवते. एप्रिलमध्ये पदवीचं शेवटचं वर्ष संपतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एखाद्या कॅम्पमध्ये घोडेस्वारी शिकवायला जावं असं डोक्यात आहे.

घोडं अडलंय ते इथं. मी आयुष्यभर इंग्लिश पद्धतीनं बसले आणि ज्या कॅम्पांच्या जाहिराती बघते ते सगळे वेस्टर्न शिकवणारे. काउबॉयचं खोगीर मी फक्त फोटोत पाहिलंय. ते तिथं जाऊन शिकता येतं का? प्रमाणपत्र लागतं का? व्हिसा कुठला? आणि आईला काय सांगू? तिच्या मते मी "परदेशात लीद उचलायला" निघालेय.

खट्याळ

आईचं बरोबर आहे. लीद इथंही उचलताच की, तिथं डॉलरमध्ये उचला. :)

रिकीब

तीन उन्हाळे कोलोराडोतल्या एका कॅम्पमध्ये काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेस्टर्न तिथं जाऊन शिकता येतं. जुनं विसरायला मात्र वेळ लागतो. आपल्याकडच्या क्लबांत बरेचसे घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड. त्यांच्यावर आपण दोन्ही हातांत लगाम धरतो आणि घोड्याच्या तोंडाशी कायम हलका संपर्क ठेवतो. तिथं लगाम सैल आणि एका हातात. उजवीकडे वळायचं तर हात जरासा उजवीकडे न्यायचा, म्हणजे डाव्या बाजूचा लगाम मानेला टेकतो. घोडा त्या स्पर्शापासून दूर वळतो. ओढायचं काही नाही.

माझा पहिला दिवस सांगते. मला दिलेला क्वार्टर हॉर्स (तिथली घोड्याची एक जात) जेमतेम १५ हँड्सचा, म्हणजे मानेच्या मुळाशी पाच फूट. बसल्या बसल्या सवयीनं दोन्ही लगाम आखडून धरले. तो बिचारा मागे मागे सरकायला लागला. मला वाटलं अडेलतट्टू आहे, म्हणून अजून ओढलं, तर तो आणखी मागे. कुंपणावर बसलेली हेड रँगलर, म्हणजे घोड्यांची प्रमुख, हसत म्हणाली, "अगं, तो तुझंच ऐकतोय!" त्याच्या तोंडात कर्ब बिट (बिट म्हणजे लगामाला जोडलेला तोंडातला धातूचा भाग) होता. त्याला दोन्ही बाजूंना लांब दांड्या असतात आणि त्या तरफेसारखं काम करतात. हातातला थोडासा जोर तोंडात आणि हनुवटीखाली कितीतरी पटींनी पोचतो. आपण स्नॅफलच्या, म्हणजे तरफ नसलेल्या साध्या बिटच्या, सवयीनं धरायला गेलो की घोड्याला ते "मागे हो" असंच वाटणार.

म्हणून आत्तापासूनच घरच्या घोड्यावर, रिंगणात, स्नॅफल असताना, लगाम सैल सोडून नुसत्या बैठकीनं आणि पायानं चालवायचा सराव कर. मुलं तुझं बोलणं ऐकत नाहीत, तुझे हात बघतात. तू लगाम आखडलास की दहा मिनिटांत दहा पोरं आखडून बसलेली दिसतील.

आता तुझ्या नावाबद्दल. दुडकी तिथं 'जॉग' होते. संथ, सपाट. आपल्यासारखी दर पावलाला उठबस करावी लागत नाही, बसून राहायचं. सुरुवातीला मला हे आळशीपणाचं वाटलं. मग आठ तास बसल्यावर कळलं की ही बैठक मुळात दिवसभर गुरांमागे फिरणाऱ्या माणसासाठी घडलीय.

ही सगळी पद्धत स्पॅनिश व्हकेरोंकडून, म्हणजे घोड्यावरच्या गुराख्यांकडून आली. लॅसो, लॅरिएट, चॅप्स, रोडिओ, अगदी बकारू हा शब्दसुद्धा स्पॅनिशमधूनच. आपले लगाम, जीन, चाबूक फारसीतून आले तसंच. घोडा जिथून शिकलो तिथले शब्द सोबत येतात असं दिसतं.

प्रमाणपत्राबद्दल दुसरं कोणी लिहील, मला तिथं गेल्यावर मिळालं.

मोतद्दार

रिकीबताईंना +१. प्रमाणपत्राचं मी सांगतो.

कॅम्पांच्या जगात ज्याचं नाव घेतलं जातं ते सीएचए, म्हणजे सर्टिफाइड हॉर्समनशिप असोसिएशन. १९६७ पासून आहे आणि मुळात कॅम्पांसाठीच सुरू झालेली संस्था, तेव्हा नावातही 'कॅम्प' होतं. इंग्लिश आणि वेस्टर्न दोन्हींसाठी स्तर असतात. साधारण पाच दिवसांचं शिबिर असतं. त्यात तुम्ही स्वतः किती छान बसता यापेक्षा इतर उमेदवारांचा वर्ग घेऊन दाखवता तेव्हा सुरक्षितता सांभाळता का, सूचना स्पष्ट देता का, हे परीक्षक बघतात. बरेच कॅम्प सीझन सुरू होण्याआधी आपल्याच तबेल्यात हे शिबिर ठेवतात. त्यामुळे भारतात बसून त्याची काळजी करू नका. अर्जात फक्त विचारा, "स्टाफ ट्रेनिंगमध्ये सीएचए आहे का?" हा प्रश्न विचारणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

इथून नेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र. आणि तुमच्या रायडिंग स्कूलचं पत्र. त्यात "उत्तम स्वार" असं लिहून घेऊ नका, ती खोगीरभरती. किती मुलं, कोणत्या वयाची, किती महिने, किती घोडे, असं लिहून घ्या.

खोगीर हाताळायचं असेल तर कानपूरला जाणारं कोणी शोधा. तिथली सॅडलरी जगभर निर्यात होते, भौगोलिक मानांकनही आहे. वेस्टर्न खोगिरंही बनतात. म्हणजे तुम्ही कोलोराडोत जे उचलाल ते कदाचित उत्तर प्रदेशातूनच गेलेलं असेल.

कागदीघोडे

व्हिसाचं माझ्याकडे लागलं, नावच तसं आहे.

तुम्हाला लागतो जे-१, म्हणजे अमेरिकेचा देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा, त्यातला कॅम्प काउन्सिलर प्रकार. वय किमान १८, इंग्रजी व्यवस्थित बोलता यावं, आणि विद्यार्थी, मुलांसोबत काम करणारे किंवा काही विशेष कौशल्य असलेले असावेत. तुमच्याकडे शेवटच्या दोन्ही गोष्टी आहेत. मुदत जास्तीत जास्त चार महिने, आणि कार्यक्रम संपल्यावर फिरायला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत काम करता येत नाही.

आता इथंच घोडं पेंड खातं. थेट कॅम्पशी बोलून व्हिसा मिळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था मध्ये लागते. तीच डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म देते. मग सेव्हिसचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नोंदणी यंत्रणेचं शुल्क (या प्रकारासाठी ३५ डॉलर, इतर बहुतेक जे-१ वाल्यांना २२०), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. पुण्याहून तुम्हाला मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत जावं लागेल. व्हिसाची शुल्कं बदलत राहतात, भरण्याच्या दिवशी संकेतस्थळ बघून भरा. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल त्याला एक रुपया देऊ नका.

आईंना हे दाखवा: या व्हिसावर स्वयंपाकी, ऑफिसचा कारकून, भांडी घासणारा किंवा सफाई कामगार म्हणून नेमणूक करायला नियमानं बंदी आहे. काम मुलांसोबतचंच हवं. तबेल्यातली लीद सगळेच उचलतात, पण नुसती लीद उचलायला तुम्हाला बोलावता येत नाही.

आणि वेळ. बहुतेक कॅम्प जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात. तबेल्याच्या जागा लवकर भरतात. मार्चमध्ये जागे झालात तर वरातीमागून घोडं. दिवाळीच्या सुमाराला अर्ज गेलेला बरा. तुमचा शेवटचा पेपर आणि निकाल नक्की कधी, ते आधी विद्यापीठाला विचारा. आपल्याकडे ते सगळ्यात बेभरवशाचं.

आईच्या_भूमिकेत

माझ्या भाचीला एका एजंटनं असंच "घोड्यांचं काम" म्हणून पैसे घेऊन ताटकळत ठेवलं होतं. शेवटी कळलं की त्याच्या मागे स्पॉन्सर वगैरे कोणी नव्हतंच. त्यामुळे कागदीघोडे यांनी लिहिलंय ते दहा वेळा वाच. पगार किती, राहणं-जेवण त्यात आहे का, आठवड्यातून सुट्टी किती तास, आजारी पडलं तर विमा कोणाचा, हे सगळं लेखी घे. तुझ्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि कर.

हॅम्बुर्गकर

अमेरिकाच कशाला? इथं जर्मनीत वेस्टर्न भलतंच लोकप्रिय आहे. ईडब्ल्यूयू ही वेस्टर्न स्वारांची संघटना १९७८ पासून आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मुलांचे रायडिंग कॅम्प गावोगाव भरतात. मेक्लेनबुर्गच्या शेतात मोठी टोपी घालून जर्मन आजोबा अगदी गंभीरपणे जॉग करताना पाहिलेत मी. अडचण भाषेची. आठ वर्षांच्या जर्मन पोराला "टाच खाली" हे इंग्रजीत सांगून चालत नाही.

कागदीघोडे

पर्याय निघालाच आहे तर ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, भारतीयांना आता खुला आहे. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, सोडत निघते. नशिबाचा खेळ आहे, पण लागला तर वर्षभर राहता येतं आणि एकाच मालकाशी बांधलं जात नाही. फक्त तिकडचं खोगीर वेगळं. त्यांच्या पारंपरिक स्टॉक सॅडलला पुढे हॉर्न, म्हणजे वेस्टर्न खोगिराला असतो तो खुंटा, नसतो. कॅनडाचं तसलं वर्किंग हॉलिडे भारतीय पासपोर्टला नाही, त्यात वेळ घालवू नका.

दुडकी

बाप रे, एका रात्रीत इतकं! सगळ्यांचे मनापासून आभार. आईला नियमाचा परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं, पण टोपी तरी नीट घालशील ना?" त्यावरून आठवलं, हेल्मेट घालतात का तिथं? फोटोंत तर सगळे काउबॉय हॅटमध्ये.

रिकीबताई, प्रत्यक्ष शिकवण्याचा दिवस कसा असतो तेही लिहाल का?

रिकीब

फोटो संध्याकाळच्या शेकोटीचे असतात गं. माझ्या कॅम्पमध्ये मुलांना आणि शिकवणाऱ्यांनाही एएसटीएम-एसईआय या अमेरिकी सुरक्षा मानकाचं हेल्मेट सक्तीचं होतं. मुलाखतीत उलट तूच विचार. "मोठ्यांना ऐच्छिक" असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा कॅम्प बघेन. यावर माझं काही लोकांशी भांडण झालंय, पण मत बदललेलं नाही.

दिवस पहाटे साडेपाचला. कुरणातून घोडे हाकत आणायचे, खरारा, खूर साफ, खोगीर. नाश्ता त्यानंतर. पहिल्या दिवशी मुलांना घोड्यावर बसवतच नाहीत. जवळ कुठून जायचं, मागून जाताना हात पाठीवर कसा ठेवायचा, दोर हाताला गुंडाळायचा नाही, एका झटक्यात सुटणारी गाठ कशी मारायची, हे सगळं जमिनीवर. निम्म्या मुलांनी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नसतो आणि उरलेल्यांपैकी काहींना सगळं येतं असं त्यांना वाटतं. दुसरा गट जास्त जपावा लागतो.

तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, हा वेगळा विषय. वेस्टर्नमध्ये तो बकलाऐवजी बऱ्याचदा लांब चामडी पट्ट्यानं आवळतात, टायची गाठ मारतात तशी गाठ घालून. घोडे लबाड, आवळताना पोट फुगवतात. म्हणून तीनदा बघायचा: बांधल्यावर, चार पावलं चालवून, आणि बसल्यावर दहा मिनिटांनी. माझ्याच वर्गात एक मुलगा खोगिरासकट हळूहळू घोड्याच्या पोटाकडे घसरत गेला होता. घोडा दगडासारखा उभा राहिला म्हणून निभावलं. तिसरी तपासणी मी विसरले होते, चूक माझी.

ट्रेलला, म्हणजे रानवाटेवरच्या फेरीला, एक जण पुढे, एक सगळ्यात मागे, दोन घोड्यांत एका घोड्याचं अंतर. रॉकीजमध्ये उन्हाळ्यात दुपारी वीज कडाडते, त्यामुळे उंचावर गेलात तर दुपारच्या आत खाली. आणि उंचीनं धाप लागते. एस्टेस पार्कसारखं गाव साडेसात हजार फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा दोन हजारांहून जास्त. पहिला आठवडा पाणी पीत राहा.

बारगीर आणि शिलेदार शाळेत वाचले असशील. तिथं आपण बारगीर. घोडा त्यांचा, खोगीर त्यांचं. तुझ्यापेक्षा त्या घोड्याला मुलांचा अनुभव जास्त असतो. काही तर वीस उन्हाळे कॅम्पमध्ये काढलेले म्हातारे. त्यांचं ऐक.

दुडकी

शेवटचं. मी पाच फूट एक इंच. खोगीर पंधरा-वीस किलोचं असतं म्हणे. ते पाच फुटांवर चढवायचं कसं?

मोतद्दार

दंडानं उचलायचंच नाही. उजवी रिकीब हॉर्नला अडकवा, तंग वर टाकून घ्या, म्हणजे घोड्याच्या बरगडीवर काही आपटत नाही. एक हात पुढच्या कमानीत, एक मागच्या कडेला. खोगीर मांडीवर टेकवा, कंबरेतून एक झोका मागे आणि त्याच झोक्यात वर. टेकवताना मात्र अलगद. आत्तापासून वीस किलोच्या तांदळाच्या पोत्यावर सराव करा, गॅलरीच्या कठड्यावर नको, खाली कोणाची तरी गाडी असते.