अनुभव धागा: कॉलेज उघडलं, आता हाताची सवय कशी आणायची?

कोविडमुळे बंद पडलेली महाराष्ट्रातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ला उघडली, तीही लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी. जानेवारी २०२२मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा कुलूप लागलं, ते फेब्रुवारीत निघालं. मधल्या काळात लेक्चरं झाली. जे हाताने करायचं ते राहिलं. ते कसं भरून काढायचं, नेमकं लिहा. ‘मेहनत घ्या’ छाप सल्ले नकोत.

प्रयोगशाळा साहाय्यक, रसायनशास्त्र
एस.वाय.च्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांनी टायट्रेशन (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजणं) व्हिडिओत पाहिलेलं असतं, ब्युरेट (खाली कॉक असलेली मापाची काचनळी) हातात धरलेली नसते. त्यामुळे चुका ठरलेल्या. ब्युरेट जे द्रावण भरायचं त्यानेच विसळायची. शंकूपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. ब्युरेट पाण्याने ओली राहिली किंवा शंकूपात्र पिपेटमधल्या द्रावणाने विसळलं, तर दोन्हीकडून रीडिंग वाढतंच. नोझलमधला बुडबुडा आधी काढा. तो मध्येच सुटला, तर तेवढं द्रावण ‘वापरलं’ असं दिसतं. फनेल वर ठेवून दिलं की त्यातला थेंब नंतर गळतो. पर्मँगनेट गडद, त्याच्या पातळीची वरची कड वाचायची. फिकट द्रावणांची खालची. तीन रीडिंगं जुळली की सी.बी.आर. (कायम आलेलं ब्युरेट रीडिंग) लिहा. जुळवून लिहू नका, आम्हाला कळतं.

दर वेळी चूक मुलांचीच असते असंही नाही. पडून राहिलेल्या ब्युरेटच्या काचेच्या कॉकचं ग्रीस वाळतं. जोर लावला की तो तुटतो. कोमट पाण्यात ठेवून हळूच फिरवावा. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तेव्हा बाटलीवर लिहिलेली जुनी नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) धरू नका. स्टार्चचं सूचक द्रावण त्याच दिवशी उकळून करा. सगळ्या बॅचचं रीडिंग एकाच बाजूला चुकत असेल, तर आधी बाटली तपासा, मग मुलांना बोला.

पेपर तपासणारे
७५ गुण, अडीच तास: गुणामागे दोन मिनिटं. १५ गुणांच्या प्रश्नाला अर्धा तास, त्यातच विचार आणि आकृतीही. ऑनलाइन परीक्षांत एमसीक्यूवर (पर्याय निवडायच्या प्रश्नांवर) टिचक्या मारून बोटं सुस्तावतात. पहिल्या प्रश्नालाच पाऊण तास जातो आणि शेवटचा कोरा राहतो. उपाय कंटाळवाणा आहे. पुस्तक मिटून, प्रश्न समोर ठेवून २० मिनिटं सलग लिहा, दर आठवड्याला १० मिनिटं वाढवा. हात बहुधा पेन आवळून धरल्याने दुखतो. जेलपेनला दाब कमी लागतो, पण पातळ कागदावर शाई फुटते. आधी तशाच कागदावर लिहून बघा.

गावाकडून ये-जा करणाऱ्यांसाठी
एसटीच्या मासिक विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण बोनाफाइड (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला) आधी काढून ठेवा. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला तेव्हा पास असून उपयोग नव्हता. अशा वेळी दहाजणांनी मिळून वडाप (खासगी जीप) ठरवावं. पैसे आठवड्याचे द्या, महिन्याचे आगाऊ नकोत. एसटी मध्येच सुरू झाली की ते परत मिळत नाहीत.

जर्नलबद्दल (प्रयोगवहीबद्दल), थोडक्यात
प्रयोग झाला त्याच दिवशी निरीक्षणाच्या कच्च्या पानावर सही घ्या. फेअर नंतर करता येतं, सही नाही. आकृती पेन्सिलने, डाव्या पानावर.