डेल्फ बी २ : ग्रामरला वेगळा वेळ द्यायचा का?

प्रश्न : डेल्फ बी २ (फ्रेंच भाषेची परीक्षा) द्यायचीय. नियम पाठ आहेत, रिकाम्या जागा बरोबर भरते, पण स्वतःचं चार ओळी लिहायला बसलं की सब्जोंक्तिफ (इच्छा, गरज, शंका वगैरे दाखवणारं क्रियापदाचं रूप) कुठे लावायचा, पार्तिसिप पासेला ('लिहिलं', 'केलं' सारखं भूतकाळी रूप) शेवटी ई (e हे अक्षर) लावायचा का, सगळा गोंधळ, आणि वाक्यं पण सुटी सुटीच येतात. ग्रामर वेगळं करत राहू की नुसतं लिहू?

उत्तर १ : लिहा. डेल्फला ग्रामरचा वेगळा पेपरच नसतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क, ५० ला पास, फक्त कुठल्याही भागात ५ च्या खाली जायचं नाही. ग्रामर बघतात ते तुमच्या लिहिण्या-बोलण्यातच. बी २ ला एका तासात किमान २५० शब्दांत मत मांडायचं असतं, त्यामुळे रिकाम्या जागा बंद करा आणि रोज कशावर तरी बाजू घेऊन एक परिच्छेद लिहा.

उत्तर २ : एकदम बंद नका करू हो. उद्या टीसीएफ तू प्युब्लिक (फ्रेंचचीच दुसरी परीक्षा) द्यावी लागली तर त्यात भाषेच्या रचनेवर वेगळे १८ प्रश्न असतात.
पार्तिसिप पासेचं म्हणाल तर मराठीवाल्यांना खरं तर हे जवळचं आहे. 'मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली', आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंच ना? फ्रेंचमध्ये आव्वार (avoir, 'जवळ असणे') हे सहायक क्रियापद असलं की तसंच होतं, पण कर्म आधी आलं तरच. 'जे एक्री ला लेत्र' (मी चिठ्ठी लिहिली) मध्ये काही बदल नाही, 'ला लेत्र क जे एक्रीत' (मी लिहिलेली चिठ्ठी) मध्ये मात्र ई लागतो आणि त ऐकू येतो. एत्र (être, 'असणे') सहायक असलं की कर्त्याकडे बघायचं.

उत्तर ३ : सब्जोंक्तिफ नियमाने आठवत बसलात तर पेपरात वेळ जाईल, तो आधीच्या शब्दांसकटच तोंडात बसवा. 'इल फो क' (पाहिजे की), 'बियँ क' (जरी), 'पूर क' (म्हणून, यासाठी की), 'आवाँ क' (च्या आधी) यांच्यानंतर सब्जोंक्तिफ. 'एस्पेरे क' (आशा आहे की) आणि 'आप्रे क' (च्या नंतर) यांच्यानंतर साधा अँदिकातिफ, म्हणजे क्रियापदाचं नेहमीचं रूप (आप्रे क नंतर फ्रेंच लोक बोलताना सर्रास सब्जोंक्तिफ लावतात, तुम्ही परीक्षेत नका लावू). आणि अट घालणाऱ्या 'सी' (जर) च्या लगेच पुढे काँदिस्योनेल ('केलं असतं' सारखं रूप) कधीच नाही, तिथे अँपार्फे (अपूर्ण भूतकाळ), काँदिस्योनेल दुसऱ्या भागात.

प्रश्नकर्ती : चिठ्ठीचं उदाहरण डोक्यात फिट बसलं! सुट्या वाक्यांचं काय करू?

उत्तर २ : आधी सुटंच लिहा, मग दोन-दोन वाक्यं 'की' (qui, जो), 'क' (que, ज्याला), 'दों' (dont, ज्याच्याबद्दल, ज्याची) या जोडशब्दांनी जोडून परत लिहा. 'दों' वर जास्त वेळ द्या, 'पार्ले द' (च्याबद्दल बोलणे), 'आव्वार बेज्वँ द' (ची गरज असणे) सारखी पुढे 'द' (de) घेणारी क्रियापदं सतत लागतात, आणि तिथे सवयीने 'क' पडतो.