टेप लावून इरकलीचे दाते काढायचे आहेत, कडा पसरतायत

ओलीमाती

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या हातचा कप द्यायचा असं वर्षभर मनात होतं, म्हणून २४ कप केलेत. आईची एक टोपपदराची इरकल आहे. अंग गर्द निळं, पदर लाल आणि त्या लालावर पांढरे दाते, फणीसारखे. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी ते दाते मोजायचे. तेच दाते निळ्या कपावर पांढरे हवेत.

माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची), बिस्क म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी ९८० अंशांना केलीय, ग्लेझची म्हणजे काचेसारख्या लेपाची भट्टी विजेची, १२३० ला. आधी अख्खा कप पांढऱ्या ग्लेझमध्ये बुडवला. रात्रभर वाळू दिला, त्यावर मास्किंग टेपचे त्रिकोण कापून चिकटवले आणि कप निळ्या ग्लेझमध्ये बुडवला. दुसऱ्या दिवशी टेप काढला. एका कपावर टेपबरोबर खालचं पांढरंही निघून आलं, पापडाच्या कपच्यांसारखं, आणि खाली कोरं बिस्क दिसायला लागलं. दुसऱ्यावर टेप नीट निघाला, पण दात्यांच्या टोकांत निळं शिरलं होतं. तरी तो भाजून पाहिला. जे दाते बरे होते तेही वितळून खाली ओघळले, त्यांचे थेंब झाले.

दोन दुकानांतून दोन वेगळे टेप आणून पाहिले. तुम्ही कुठला टेप वापरता? २२ कप अजून हातात आहेत, ते असे घालवायचे नाहीत.

चाकावरची

तुला ‘तू’च म्हणते, चालेल ना? टेप कितीही महागाचा आणलास तरी हेच होईल, कारण टेप कशावर चिकटतोय हे बघितलेलं नाहीस. न भाजलेलं ग्लेझ म्हणजे नुसती भुकटी. बिस्कनं पाणी ओढून घेतलं की वर भुकटीचा थर उरतो आणि टेप त्या भुकटीला चिकटतो, कपाला नाही. ओढलास की ती येणारच. शिवाय दोन ग्लेझं एकावर एक आली की १२३० ला एकमेकांत वितळून वाहतात. तुझ्या दात्यांचे थेंब त्यामुळे झाले.

टोकदार रेघ हवी तर ती ग्लेझमध्ये काढू नकोस, अंडरग्लेझमध्ये, म्हणजे ग्लेझच्या खाली लावायच्या रंगात काढ. अंडरग्लेझ भट्टीत जागचं फारसं हलत नाही. कपाच्या फक्त पट्ट्यापुरते पांढऱ्या अंडरग्लेझचे तीन हात दे आणि परत एकदा बिस्कच्या तापमानाला भाजून घे. एक भट्टी जास्त लागेल, पण तो पांढरा पक्का बसेल आणि त्यावर टेप खरोखर चिकटेल. मग टेप लावून निळं अंडरग्लेझ लाव, टेप काढ, निळं पूर्ण वाळू दे आणि सगळा कप पारदर्शक ग्लेझमध्ये एकदाच बुडव. पारदर्शक पातळच ठेव. थर जाड झाला तर कोबाल्टचं निळं त्यात पसरतं.

आता दाते. एकेक त्रिकोण कापून चिकटवू नकोस, २२ कपांना जन्म जाईल. शिंप्याकडे झिगझॅग कात्री असते बघ, कापडाची कड उसवू नये म्हणून वापरतात ती. स्टिकरच्या मागचा गुळगुळीत कागद घे, त्यावर मास्किंग टेप चिकटव आणि कागदासकट त्या कात्रीनं काप. दात्यांची अख्खी पट्टी मिळेल. कागद सोलायचा, पट्टी कपाला लावायची. तुझ्या कपांना कान असतील तर पट्टी कानापाशी सुरू कर आणि कानापाशीच संपव. टेपवर टेप आला की तिथे पायरी तयार होते आणि त्या फटीतून रंग आत जातो. टेपच्या एका टोकाची घडी घालून ठेव, म्हणजे काढताना नखानं खरवडावं लागणार नाही.

लावण्याआधी कप ओल्या स्पंजनं पुसून पूर्ण वाळव. बिस्कवरची बारीक धूळ टेपला चिकटूच देत नाही. मग प्रत्येक दात्याच्या टोकावर चमच्याची पाठ घासून घे. निळं लावताना ब्रश टेपवरून मोकळ्या जागेकडे ओढ, टेपच्या कडेत कधीही घुसवू नकोस. निळं दाट असू दे.

काढायची वेळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून नीट सांगते. रात्रभर ठेवायचं नाही. निळ्याची ओली चकाकी गेली, पण बोट लावल्यावर गार लागतंय, ती वेळ. टेप त्याच्याच पाठीवर दुमडत, कपाला लगटून, हळू ओढत जायचा. त्या आधी काढलास तर कड ओघळते, नंतर काढलास तर तुटते आणि कंगोरे राहतात. पावसाळ्यात माझ्याकडे ही वेळ यायला पाऊण तास लागतो, उन्हाळ्यात दहा मिनिटंही पुरतात. घड्याळ बघू नकोस, बोट लाव.

मेणबत्ती

मी बरीच वर्षं मेण वापरते. वळणदार नक्षी, पानं-वेली असतील तर ब्रशनं लावलेलं मेण टेपपेक्षा खूप सोपं. पण एक थेंब नको तिथे पडला तर तो पुसून जात नाही, कप परत भाजूनच तो थेंब घालवावा लागतो. टेप चुकला तर निदान काढून परत लावता येतो. तुझ्या दात्यांना सरळ कड हवी आहे, तेव्हा टेपच बरा.

भट्टीराखा

आमची भट्टी सात-आठ जण मिळून वापरतात, म्हणून कळकळीनं सांगतो. टेपचा एक तुकडाही आत जाऊ देऊ नका. मास्किंग टेप जळून जातो, पण जळताना वरचा रंग उचलतो आणि तो रंग शेल्फवर पडून चिकटतो. निमुळत्या कपांवर वळतो म्हणून बरेच जण वायरमनचा विनाइल टेप लावतात. तो जळला की त्यातून आम्लाचा वायू निघतो, छातीला आणि भट्टीच्या कॉइलला दोन्हीला वाईट. तो टेप ताणून लावलात तर नंतर आखडतो आणि कड उचलली जाते, तेव्हा सैलच लावा. आणि वाळलेला रंग सुका खरवडू नका. ती धूळ सिलिकाची असते, फुप्फुसातून परत निघत नाही. ओला स्पंज घ्या.

ओलीमाती

चाकावरचीताई, काल भट्टी उघडली. आधी चारच कप केले होते. तीन कपांवर दाते असे उठलेत की टोक न् टोक मोजता येतंय. चौथ्यावर कानाजवळ दोन दात्यांत निळं गेलंय. तिथे चमचा पोचला नव्हता, माझ्या लक्षात होतं तरी पुढे गेले. आता कानाजवळ ब्रशच्या दांड्याचं टोक वापरणार आहे.

पहिल्या कपाचा टेप मी घाईनं काढला आणि कड ओघळली. तो स्पंजनं पुसून परत केला. पुढच्या कपांना दर दोन मिनिटांनी बोट लावत बसले. गार लागतं म्हणजे काय ते तिसऱ्या कपाला कळलं. टेप निघताना एक बारीक चर्रर आवाज येतो आणि खालून पांढरा दाता स्वच्छ बाहेर येतो. तो बघताना मला आईची मांडी आठवली.

भट्टीराखादादा, सगळे कप दिव्याखाली फिरवून बघितले, एक तुकडा खरंच राहिला होता, कानाच्या आतल्या बाजूला. काढला.

उरलेले १८ कप शनिवारी घेते. कात्री गल्लीतल्या शिंपीकाकांची आहे, सोमवारी परत द्यायची आहे.