मदत हवी आहे: 'बनगरवाडी'ची १९९५-९६ची परीक्षणं

म्हापशात आमच्या वाचकमंडळात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि तिच्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट यावर मी बोलणार आहे. कादंबरी वाचली आहे, चित्रपटही पाहिला आहे. त्यामुळे कथासार नको. राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचंही माहीत आहे. मला हवंय ते त्या काळच्या मराठी समीक्षकांचं म्हणणं.

विशेषतः दोन जागांबद्दल. गाव स्वतःच्या हातांनी तालीम बांधतं आणि औंधचे राजे येतात तो भाग, आणि दुष्काळात वाडी रिकामी होत जाते तो शेवट. कादंबरीत हे फार कमी शब्दांत येतं, आणि मला तीच तिची ताकद वाटते. पडद्यावर ते टिकलं का, यावर त्या वेळी कोणीतरी नेमकं लिहिलं असणारच.

पणजीत जुने अंक चाळले, त्यात काही सापडलं नाही. नेटवर मिळतं ते बहुतेक इंग्रजी आणि त्रोटक. पुण्या-मुंबईला सध्या जाणं जमणार नाही. कात्रणाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, फक्त अंकाची तारीख दिसायला हवी.

कोणाच्या संग्रही असं परीक्षण आहे का? आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गोव्यात बसून ईमेलने मागितल्यास कात्रणांच्या प्रती देतं का?