पी-फंक हा समूह होता की जॉर्ज क्लिंटन यांचा फड? (चौघांची चर्चा)

जुनी तबकडी:

अमेरिकन गायक-संगीतकार जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट आणि फंकाडेलिक या दोन नावांना मिळून पी-फंक म्हणतात; फंक म्हणजे ठेक्यावर भर देणारे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत. ही दोन नावे ऐकली की बहुतेकांना ते दोन वेगळे बँड वाटतात. माणसे बव्हंशी तीच होती, आणि तीच माणसे दोन नावांनी का वावरली, हे समजून घेतल्याशिवाय पी-फंकबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डमध्ये क्लिंटन केस कापण्याच्या दुकानात काम करत. तिथे १९५० च्या दशकाच्या मध्यास 'द पार्लमेंट्स' हा पाच गायकांचा डू-वॉप गट, म्हणजे गळ्यांच्या सुरावटीवर भर देणारा गट, उभा राहिला. पुढे जवळजवळ दहा वर्षे हाती फारसे काही लागले नाही. १९६७ साली 'टेस्टिफाय' हे गाणे चालले. पण ते काढणाऱ्या रेव्हिलॉट कंपनीशी वाद झाला आणि आपलेच नाव वापरण्याची चोरी झाली. तेव्हा क्लिंटन यांनी काढलेली तोड मला त्यांच्या कोणत्याही गाण्याइतकी चतुर वाटते. मागे बसून साथ करणाऱ्या पोरांना त्यांनी पुढे आणले, 'फंकाडेलिक' या नावाने डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीशी करार केला, आणि नाव अडकलेले ते पाच गायक स्वतःच्याच साथीदारांच्या तबकडीवर पाहुण्यांसारखे गायले. यथावकाश जुने नाव सुटले. १९७४ पासून पार्लमेंट कासाब्लांका कंपनीकडे आणि फंकाडेलिक दुसऱ्या कंपनीकडे, असा दुहेरी कारभार सुरू झाला. गिटारचा कल्लोळ असला की फंकाडेलिक, ट्रम्पेट-ट्रोम्बोन असले की पार्लमेंट, अशी ढोबळ वाटणी होती आणि तीही फार काटेकोरपणे पाळली जात नसे.

माझा आक्षेप 'समूह' या शब्दाला आहे. समूहात नाव, पैसा आणि माणसांची ये-जा यांवर सगळ्यांचा थोडाफार तरी हक्क असतो. इथे तो नव्हता. 'फंकाडेलिक' हे नाव सुचवणारा बिली नेल्सन हा त्याच दुकानात केर काढणारा पोरगा होता; तो बेस वाजवू लागला आणि १९७१ मध्ये पैशांवरून भांडून निघून गेला. १९७७ मध्ये फझी हॅस्किन्स, कॅल्विन सायमन आणि ग्रेडी थॉमस हे मूळ पाचांपैकी तिघे बाहेर पडले, तेही व्यवहारावरूनच. ढोलकीच्या जागी बसणाऱ्या ड्रमर जेरोम ब्रेली यांनी तर बाहेर पडून काढलेल्या बँडचे नावच 'म्युटिनी', म्हणजे बंड, असे ठेवले. आपल्याकडे अशा संस्थेला सरळ फड म्हणतात आणि पाटीवर मालकाचे नाव लिहितात.

अर्धविराम:

तपशील मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. माणसे पैशांवरून भांडली म्हणून त्यांनी मिळून केलेले काम एकट्याचे ठरत नाही.

फंकाडेलिकची १९७१ ची 'मॅगट ब्रेन' ही रचना घ्या. क्लिंटन यांनीच सांगितलेली हकिगत अशी, की त्यांनी गिटारवादक एडी हेझल यांना "तुझी आई गेल्याची बातमी आत्ताच आली आहे, असे समजून वाजव" असे सांगितले. हेझल सुमारे दहा मिनिटे गिटार वाजवत राहिले. त्या वेळी बाकीचा ताफाही सोबत वाजवत होता, मात्र नंतर ध्वनिमिश्रण करताना क्लिंटन यांनी ड्रम आणि इतर वाद्ये जवळपास पुसून टाकली, आणि उरली ती हळुवार साथीवर एकटीच भटकणारी गिटार. आता ही रचना कोणाची, हे कसे ठरवायचे? बोटे हेझल यांची आहेत, त्यांना मिळालेली मोकळी जागा क्लिंटन यांची आहे, आणि जे वाजवूनही ऐकू येत नाहीत त्यांचाही त्यात वाटा आहे, कारण हेझल त्यांच्याच आधारावर वाजवत होते. यालाच मी समूह म्हणतो.

दुसरे असे, की फडाचा मालक आपल्या नटाला दुसरा फड काढून देत नाही. बेसवादक बूट्सी कॉलिन्स १९७२ मध्ये आले, ट्रोम्बोनवादक फ्रेड वेस्ली आणि सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर १९७५ मध्ये आले. तिघेही फंकचे आद्य गायक जेम्स ब्राउन यांच्या शिस्तीतून आलेले होते, आणि तिथे चुकलेल्या सुराबद्दल किंवा न चमकवलेल्या बुटांबद्दल दंड कापला जात असे. इथे बूट्सींना १९७६ मध्ये 'बूट्सीज रबर बँड' या नावाने वेगळ्या कंपनीकडे स्वतःची तबकडी काढता आली, पुढच्याच वर्षी वेस्ली आणि त्यांच्या साथीदारांनाही ती संधी मिळाली, आणि हेझल यांचीही स्वतंत्र तबकडी आली. एकच ताफा इतक्या कंपन्यांना निरनिराळ्या नावांनी विकण्यात क्लिंटन यांचा धंदा होता, हे खरे. पण त्या धंद्यामुळे मागच्या रांगेतला माणूस पहिल्या रांगेत आला, हेही खरेच आहे.

बेसवाला:

मी स्वतः बेस वाजवतो, म्हणून करार बाजूला ठेवून फक्त कानांनी ऐकलेले सांगतो.

फंकमध्ये 'द वन' म्हणजे मात्रागटाची पहिली मात्रा. जेम्स ब्राउन यांनी बूट्सींना तिच्यावर जोर द्यायला शिकवले आणि बूट्सींनी तो धडा क्लिंटन यांच्याकडे नेला. आपण तिला सम म्हणालो तर फारसे चुकणार नाही. फरक इतकाच, की ख्यालात समेची वाट पाहण्यात गंमत असते, तर इथे सम दर दोन-अडीच सेकंदांनी दार ठोठावते. त्या एका मात्रेवर सगळ्यांनी हजर राहायचे आणि मधल्या जागेत ज्याला जे सुचेल ते त्याने करायचे, असा हा मामला आहे. एकदा ती मात्रा पक्की झाली की पंधरा माणसे एकत्र वाजवूनही गोंधळ होत नाही.

पार्लमेंटच्या १९७७ च्या तबकडीवरचे 'फ्लॅश लाइट' ऐका. दारात बूट्सींसारखा बेसवादक उभा असताना त्यातला खर्ज, म्हणजे बेसची ओळ, ताफ्यातले कीबोर्डवादक बर्नी वॉरेल यांनी मिनीमूग सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, वाजवला आहे, आणि बूट्सी ड्रमवर बसले आहेत. तो खर्ज तारेचा वाटतच नाही. स्वर रबरासारखा ताणला जातो आणि सुटताना किंचित खाली घसरतो. वॉरेल लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेले होते, बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत त्यांचे शिक्षण झाले होते, आणि अशा माणसाने सगळी विद्या त्या एका खालच्या ओळीत घातली. रचनाकार म्हणून क्लिंटन, वॉरेल आणि बूट्सी ही तिन्ही नावे आहेत. गाणे १९७८ मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. त्यानंतर कितीतरी बँडमध्ये बेस गिटारवाल्याच्या पोटावर पाय आला, ही माझी खासगी तक्रार समजा.

नीलाक्षी:

तिघांच्याही लिखाणात एकाही स्त्रीचे नाव नाही, हे वाचताना लक्षात आले का?

डेबी राइट, मॅलिया फ्रँकलिन आणि जीनेट वॉशिंग्टन यांचा 'पार्लेट', तसेच फंक गायक स्लाय स्टोन यांच्या ताफ्यातून आलेल्या डॉन सिल्व्हा आणि लिन मॅब्री यांचा 'ब्राइड्स ऑफ फंकनस्टाइन', असे दोन गायिकांचे गट १९७८ मध्ये याच छत्राखाली निघाले. या तबकड्यांवर वाजवणारे हात बरेचसे तेच आहेत; आवाज मात्र तुम्ही ज्यांना कोरस म्हणून मागे ठेवता त्यांचे आहेत. १९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पी-फंकच्या सोळा जणांना मान दिला. त्यांत बिली नेल्सन आहेत, बंड करणारे ब्रेलीही आहेत. सोळाच्या सोळा पुरुष आहेत. त्यामुळे समूह की फड हा प्रश्न मला अपुरा वाटतो. दोन्हींत मोजदाद करताना कोण गळते, हे आधी पाहावे.

जुनी तबकडी:

नीलाक्षीताई, ही चूक माझीच आहे आणि ती मान्य करतो. मला वाटते, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूला झुकतो, पण तसा ओढून घेत नाही.

अर्धविराम यांना मात्र उत्तर द्यायला हवे. नवनवी नावे देणे म्हणजे सत्ता वाटणे नव्हे. १९७६ च्या ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्सच्या रंगमंचावर नेपथ्य-प्रकाशयोजनाकार ज्यूल्स फिशर यांनी घडवलेले ते अंतराळयान, म्हणजे 'मदरशिप', धुराच्या लोटांतून पहिल्यांदा उतरले आणि त्यातून क्लिंटन बाहेर आले. खाली उभा राहून ते यान गाण्याने बोलावणारा आवाज ग्लेन गोइन्स यांचा होता. ते चर्चच्या गायनातून आलेले होते, आणि त्यांची ती हाक ऐकून आजही अंगावर काटा येतो. गोइन्स १९७८ साली, चोविसाव्या वर्षी गेले. त्याआधीच ते ताफा सोडून गेले होते. हाक मारणारा निघून गेला आणि यानातून उतरणारा राहिला, हीच त्या व्यवस्थेची रचना होती.

अर्धविराम:

मग त्या मालकाचे पुढे काय झाले, तेही सांगा. १९८१ च्या सुमारास दोन्ही नावांचा कारभार बसला आणि १९८२ मध्ये क्लिंटन यांना स्वतःच्या नावाने तबकडी काढावी लागली. यान भंगारात गेले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आज आहे ती १९९० च्या दशकात केलेली दुसरी प्रत. १९८९ मध्ये डी ला सोल या रॅप गटाने आणि १९९२ मध्ये रॅप संगीतकार डॉ. ड्रे यांनी पी-फंकच्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांवर आपली गाणी उभी केली आणि या संगीताला नवे आयुष्य मिळाले. पण २००१ मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने बऱ्याच गाण्यांचे हक्क ब्रिजपोर्ट या प्रकाशन कंपनीचे असल्याचा निकाल दिला. मालकाच्याच हाती काही राहत नसेल, तर तो कसला मालक?

जुनी तबकडी:

मालकाने फड गहाण टाकला म्हणजे तो मालक नव्हता असे होत नाही. गहाण टाकता आला, यातच मालकी दिसते. तो निकाल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कागदांवर आधारलेला होता, आणि त्या कागदांवर सही क्लिंटन यांची होती. ज्यांनी ती गाणी वाजवून उभी केली होती, त्यांना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. २००५ मध्ये फंकाडेलिकच्या चार तबकड्यांची मूळ ध्वनिमुद्रणे न्यायालयातून परत मिळाली, तीही क्लिंटन यांना मिळाली, ताफ्याला नव्हे.

तरी 'मॅगट ब्रेन'बद्दल तुम्ही लिहिलेले वाचून मी काल रात्री ती तबकडी पुन्हा लावली. मागे पुसट झालेला ड्रम मधूनमधून खरेच ऐकू येतो. इतकी वर्षे मी तो ऐकला नव्हता, एवढे कबूल करतो.

बेसवाला:

न्यायालयाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रकरण राहिले. फंकाडेलिकच्या 'गेट ऑफ युअर अ‍ॅस अँड जॅम' या १९७५ च्या गाण्याच्या सुरुवातीची गिटार एन. डब्ल्यू. ए. या रॅप गटाने उचलली होती. उचललेला तुकडा दोन सेकंदांचा होता, आणि तोही स्वर खाली उतरवून, पुन्हा पुन्हा जोडून वापरलेला. त्यावरून ब्रिजपोर्ट आणि वेस्टबाउंड यांनी खटला भरला आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सांगितले, की ध्वनिमुद्रणाचा कितीही लहान तुकडा घ्यायचा असेल तर परवाना घ्यावा लागेल.

आता त्या गाण्यातल्या गिटारचा किस्सा क्लिंटन असा सांगतात, की एक अनोळखी माणूस स्टुडिओत शिरला, थोड्या पैशांच्या बदल्यात वाजवू का असे त्याने विचारले, त्याने वाजवले, आणि पैसे घेऊन तो निघून गेला. त्याचे नाव कोणी विचारले नाही. तुमच्या समूहात तो बसत नाही आणि तुमच्या फडातही नाही.