तुटक्या मिनिएचरला नवा हात घडवावा की मूळ हातच शोधावा?

कृष्णाकाठ (सांगली)

पटावरचे युद्धखेळ खेळणाऱ्या पुण्यातील एका जुन्या खेळाडूकडून मी नुकताच 28 मिमी मिनिएचरचा, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकपुतळ्यांचा, एक खोका विकत घेतला. त्यात नेपोलियनकालीन फ्रेंच पायदळाचे 40 सैनिक आहेत. 9 जुन्या धातूच्या ओतकामाचे आणि बाकीचे कडक प्लास्टिकचे. ‘किरकोळ दुरुस्ती लागेल’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. खोका उघडल्यावर 13 जण जायबंदी निघाले. कोणाची बंदूक दस्त्यापाशी तुटलेली, कोणाचा उजवा हात खांद्यापासूनच नाही, आणि दोघांना तर डोकीच नाहीत.

माझे मत असे आहे की हरवलेला भाग मूळ स्वरूपात मिळवण्याचा अट्टहास धरू नये. परदेशातून एक हात मागवायचा म्हटले तर टपालखर्चातच दोन नवे सैनिक येतात. त्यापेक्षा तो भाग आपण स्वतः घडवावा, आणि घडवायचाच असेल तर आपल्याला हवा तसा घडवावा. मला 1803 सालची शिंद्यांची इंग्रजांविरुद्धची असईची लढाई पटावर मांडायची आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे तयार मिनिएचर सहज मिळत नाहीत. तेव्हा बिनडोक्याच्या या दोघांना मुंडासे का बांधू नये?

एक हात करून पाहिला आहे. खांद्यात 1 मिमीचे छिद्र पाडून त्यात कागदाला लावायच्या टाचणीची तार बसवली, ती कोपरापाशी वाकवली आणि दुसऱ्या हाताशी लांबी जुळेपर्यंत तीन वेळा कापली. त्यावर एपॉक्सी पुट्टीचा पातळ गाभा चढवून रात्रभर वाळू दिला आणि बाही दुसऱ्या दिवशी केली. दोन्ही एकदम करायला गेले की बोट लागताच आतला गाभाही सरकतो, हे पहिला हात वाया घालवून कळले.

यवतेश्वर (सातारा)

आपल्या हाताचे कौतुक आहे, मताशी मात्र मी सहमत नाही.

मुंडासे बांधल्याने फ्रेंच शिपाई शिंद्यांचा होत नाही. शिंद्यांच्या चाकरीतल्या द बॉइन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या पलटणींची कवायत युरोपीय धर्तीची होती हे खरे, पण म्हणून नेपोलियनच्या शिपायाचा कोट, त्याची पाठपिशवी आणि पायांवरची बटणांची पट्टी तशीच ठेवून केवळ डोके बदलले, तर तो ना इकडचा राहतो ना तिकडचा. आपल्याला इतिहास मांडायचा आहे की सोय पाहायची आहे, हे आधी ठरवावे.

दुसरे असे की धातूचे ते 9 सैनिक मी प्लास्टिकच्या सैनिकांत धरणार नाही. जुने साचे एकदा मोडीत निघाले की तसे ओतकाम पुन्हा होत नाही. अशा सैनिकाला मूळ भाग मिळेपर्यंत तुटकाच ठेवावा. दिवाळीच्या किल्ल्यावर तलवारीचा हात मोडलेला मावळा आम्ही बुरुजाआड उभा करायचो. मोडका म्हणून कोणी त्याला किल्ल्यावरून उतरवत नसे आणि मातीचा नवा हात चिकटवून त्याचे रूपही बिघडवत नसे.

शाहूपुरी (सातारा)

आपण दोघेही 3डी प्रिंटरचा विचार का करत नाही, हे मला समजत नाही. रेझिनचा घरगुती प्रिंटर 0.05 मिमी जाडीचे थर सहज देतो, आणि त्या कालखंडाच्या बंदुका, हात आणि डोकी यांचे संगणकीय आराखडे विकत मिळतात. एक बंदूक चांगली निघाली की बाकीच्याही तशाच निघतात. पुट्टीने हाताने केलेल्या बंदुका रांगेत उभ्या केल्या, तर वेगवेगळ्या कारखान्यांतून आल्यासारख्या दिसतील.

कृष्णाकाठ (सांगली)

कारखान्यांचा टोमणा मान्य आहे. परंतु छापील रेझिनची बारीक नळी ठिसूळ असते. खेळताना आपण सैनिकाला नेमके बंदुकीलाच धरून उचलतो, आणि मग तीच पुन्हा मोडते. शिवाय कच्चे रेझिन त्वचेला बाधते. हातमोजे, अल्कोहोलने धुणे, अतिनील प्रकाशात पक्के करणे हा सारा व्याप दोन खोल्यांच्या घरात कोठे मांडायचा? आणि विकत घेतलेल्या आराखड्याबद्दल तक्रार नसली, तरी दुसऱ्याच्या मिनिएचरचा भाग स्कॅन करून छापणे मला चोरीच वाटते.

मिरजकर

बंदुकीपुरता एक तोडगा सुचवतो. त्या काळची फ्रेंच बंदूक संगिनीवाचून सुमारे दीड मीटर लांब होती. या मिनिएचरच्या 1:56 प्रमाणात ती 27 मिमी भरते, म्हणजे जवळजवळ सैनिकाच्या डोळ्यांपर्यंत. अंदाजाने केलेली बंदूक बहुधा आखूड होते आणि सैनिक काठी घेतलेल्या रखवालदारासारखा दिसू लागतो. नळी प्रमाणाबरहुकूम केली तर जेमतेम अर्धा मिमी येईल. पण साच्यात पातळ भाग नीट भरत नाहीत म्हणून मिनिएचर घडवणारे शस्त्रे मुद्दाम जाड ठेवतात. तेव्हा गाभ्याला तानपुऱ्याच्या खर्जाची पितळी तार घ्यावी आणि तिच्यावर पुट्टीचा थर देऊन बाकीच्यांशी जाडी जुळवावी. आमच्याकडे वाद्यांच्या कोणत्याही दुकानात तारेचा तुकडा मागितला तर बहुधा पैसेही घेणार नाहीत. अशी नळी वाकली तरी बोटाने सरळ करता येते.

मूळ वादात मात्र मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने नाही. मिरजेत तानपुऱ्याचा भोपळा तडकला तर कारागीर तो सांधतो. तुकडा गेला असेल तर तेवढीच जागा भरतो. पण भोपळा तडकला म्हणून तानपुऱ्याची सतार करत नाही.

यवतेश्वर (सातारा)

याहून नेमके मला सांगता आले नसते. एक काळजीची गोष्ट मात्र राहिली. जुन्या ओतकामात शिसे असू शकते. अनेक उत्पादकांनी ते 1990 च्या दशकात सोडले. कानस लावण्याआधी धातू ओला करावा, भुकटी ओल्या कागदाने टिपून टाकावी, हात धुवावेत, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर तर मुळीच करू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

ओट्यावरच करत होतो. आज टेबल गॅलरीत हलवले.

धातूच्या सैनिकांबाबत मी अर्धी माघार घेतो. त्यांतले तिघे तुटके आहेत. त्यांचे भाग मी वेगळे घडवीन आणि तारेच्या खुंटीवर केवळ फेविक्विकने बसवीन. धातूवरचा तो जोड ॲसिटोनने सुटतो. मूळ हात कधी मिळालाच तर माझा काढून तो लावता येईल. एपॉक्सी थेट खांद्यावर चढवली असती तर ती इतक्या सहजी निघाली नसती. प्लास्टिकच्या सैनिकांना ही युक्ती चालणार नाही, कारण ॲसिटोन प्लास्टिकच विरघळवते. त्यांचे जोड प्लास्टिक सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या गोंदाने, कायमचेच होतील, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. पुढे विकताना कोणता हात माझा आहे ते प्रत्येकाच्या बैठकीखाली लिहून ठेवीन. मला ज्या पद्धतीने खोका मिळाला तसा तो दुसऱ्याला मिळू नये.

मुंडाशांवर मात्र मी ठाम आहे. पाठपिशव्या कापून काढीन, पायांवरची बटणे कानशीने घासीन, मग यवतेश्वर यांनी पुन्हा पाहावे.

यवतेश्वर (सातारा)

पाहीन. कोटाची शेपटी राहिली असेल तर तीही सांगेन.