पालेर्मोचे स्टिकर

‘साधी माणसं माफियाला भिडतात हे थरारकथेतच खपतं’ हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. सिसिलीत पालेर्मोच्या लिबेरो ग्रासी या कारखानदारानं हप्ता (तिकडे ‘पिझ्झो’) द्यायला नकार दिला, वर जानेवारी १९९१ मध्ये खंडणीखोरालाच उद्देशून वर्तमानपत्रात पत्र छापलं. ऑगस्टमध्ये त्याला गोळ्या घातल्या. बाकीचे व्यापारी मूग गिळून बसले होते; मला तेच जास्त भयानक वाटतं.

मग २००४ मध्ये एका सकाळी शहरभर छोटे स्टिकर, शोकपत्रासारखी काळी चौकट असलेले: ‘हप्ता देणारी अख्खी जनता म्हणजे स्वाभिमान नसलेली जनता.’ चिकटवणारे कोण, तर बार काढायला निघालेली पोरं! खर्चाचा हिशेब मांडताना हप्त्याचा विषय निघाला आणि डोकी फिरली. पुढे तर त्यांनी हप्ता न देणाऱ्या दुकानांची यादीच छापली.